बिनकाठीचा बाण

"आजपासून माझ्या राज्यात आतषबाजीच्या बाणाला काठी लावायची नाही!" राजा दुर्गसेन भर दरबारात गरजला.

कारणही तसंच होतं. आदल्या दिवशी जत्रेत उडवलेल्या बाणाची जळकी काठी आभाळातून थेट राणीसाहेबांच्या खिरीत उतरली होती!

दारूकाम करणारे बापू हात जोडून म्हणाले, "सरकार, काठीशिवाय बाण सरळ जात नाही."

"परवा गेला पाहिजे! नाहीतर काठीच्या जागी तुलाच बांधीन!"

दुसऱ्या दिवशी प्रधानजींच्या देखत बापूंनी बिनकाठीचा बाण पेटवला. तो हातभर वर गेला, त्यानं कोलांटी मारली आणि सुसाट प्रधानजींच्या मागे लागला! प्रधानजींनी विहिरीला तीन फेऱ्या मारल्या आणि गोठ्यात उडी घेतली. बाणही आत! म्हैस बाहेर आली, प्रधानजी काही येईनात.

बापूंची लेक सगुणा पोट धरधरून हसली. मग बाणाला बांधलेले बापू तिच्या डोळ्यांपुढे आले आणि तिचं हसू पार सुकलं.

ती तडक शेजारच्या तीरगराकडे गेली. त्याचा एक तीर हातात घेऊन तिनं निरखून पाहिला. टोकाला जड लोखंड, शेपटाला पिसं!

घरी येऊन तिनं बाणाच्या शेपटाला मातीचा गोळा लावला. बाण गर्रकन उलटला. मग तिनं गोळा नाकाला लावला आणि शेपटाला ताडाच्या पानाचे तीन पंख.

तिसऱ्या दिवशी अख्खं गाव मैदानात जमलं. सगुणानं वात पेटवली. सूंऽऽऽ! बाण रेघ मारल्यासारखा ढगात!

पण राजा हट्टी. "चिमूटभर माती नि वाळकी पानं! एवढ्यानं बाण सरळ कसा गेला? मला पटलं नाही, तर तो उडालाच नाही असं धरीन!"

"सरकार, आपली स्वारी निघते तेव्हा पुढे कोण असतं?" सगुणानं विचारलं.

"मीच की!"

"आणि मागे?"

"छत्र्या, निशाणं, सगळा पसारा."

"बाणाचंही तसंच! वजन पुढे, पसारा मागे. नाक जरा वाकडं झालं, की वारा पसाऱ्याला मागे रेटतो आणि नाक पुन्हा वाटेवर!"

राजाचे डोळे बारीक झाले. त्यानं आपल्या पोटाकडे पाहिलं. "पोरी, तू माझं वजन काढतेस?"

बापूंनी घाईघाईनं हात जोडले. सगुणा मात्र चटकन म्हणाली, "काढणारच, सरकार! हलक्या माणसाच्या मागे कोण जातं?"

राजा असा खदखदून हसला, की कमरेचा शेला सुटला! तोच त्यानं बापूंच्या खांद्यावर टाकला, हातातलं सोन्याचं कडं सगुणाला दिलं आणि तिथल्या तिथे तिला दारूखान्याची मुख्य नेमलं.