पायरीवरची हौसा

फार जुनी गोष्ट आहे. ज्या राजाच्या राज्यात ती घडली, त्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. पण लहानांनो, आणि लहानांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या थोरांनो, ही गोष्ट सांगताना मला अजून राग येतो. तुम्हालाही आला तर आवरू नका.

त्या राज्यातल्या एका गावात तांबटांची आळी होती. घागरी, हंडे, तपेली, आणि दिवसभर हातोड्यांची ठकठक. त्या आवाजात हाका मारून उपयोग काय? म्हणून आळीतली माणसं एकमेकांच्या समोर यायची, तोंडाकडे बघायची आणि हातांनी खुणा करत बोलायची. भांडायचीसुद्धा तशीच. आणि भांडणात सगुणा तांबटिणीचा हात धरणारं आळीत कुणी नव्हतं.

सगुणेची मुलगी हौसा. लहान असताना तिला मोठा ताप आला, आणि जाताना तिचं बरंचसं ऐकणं घेऊन गेला. आळीत त्यानं कुणाचं काही अडलं नाही, कारण तिथे सगळेच तोंडाकडे बघून बोलत. हौसा हसायची, रुसायची, आईला उलट उत्तरं करायची. ती शाळेत गेली, आणि तिथे अडलं.

शाळा आळीला लागूनच होती. पंतोजी विद्वान होते, यात वाद नाही. पण त्यांच्या शाळेची एक रीत होती. उत्तर बरोबर आलं की एक जागा पुढे सरकायचं, चुकलं की एक जागा मागे. सगळ्यांत हुशार मूल पंतोजींच्या गुडघ्याशी. सगळ्यांत मागचं दाराबाहेर, उन्हात, पायरीवर. तिथे पंतोजींचा आवाज कमी आणि हातोड्यांचा जास्त. वर्ष सरलं की पायरीवरच्या मुलाच्या हातात साऱ्या गावासमोर नारळ द्यायचा आणि त्याला घरी धाडायचं. कायमचं.

बघा हं जरा! ज्याला कळलंय त्याला जवळ घ्यायचं आणि ज्याला कळलं नाही त्याला लांब बसवायचं. शेंबड्या पोरालाही यातला वेडेपणा कळेल. गावकऱ्यांना मात्र त्याचं कौतुक. "आमच्या शाळेत औषधाला ढ मूल सापडायचं नाही," असं छाती फुगवून सांगायचे. सापडेल कसं? हाकलून दिलेलं असायचं!

सगुणा सुरुवातीलाच पंतोजींकडे गेली होती. "पंतोजी, माझी पोर ठार बहिरी नाही. तिला पुढ्यात बसवा आणि तोंड तिच्याकडे करून बोला. दुसरं काही मागत नाही."

"पुढची जागा कमवावी लागते, सगुणाबाई," पंतोजी म्हणाले. "एकीसाठी सगळ्या शाळेनं थांबायचं का? आणि खरं सांगू? पालथ्या घड्यावर पाणी आहे हे."

सगुणेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घडे आम्ही घडवतो, पंतोजी. घडा आपणहून पालथा होत नाही. कुणीतरी घालतं, तेव्हा होतो."

पंतोजींनी पोथीत मान घातली. बोलणं संपलं.

हौसा एकेक जागा मागे सरकत दिवाळीच्या आधीच पायरीवर पोचली. इतर मुली घरी जाऊन शाळेत काय झालं ते आईला सांगायच्या. हौसा घरी येऊन आईलाच विचारायची, "आज शाळेत काय झालं?"

वर्ष सरलं. शाळेपुढे गाव जमलं, पाटील येऊन बसले. त्या दिवसापुरते आळीतले हातोडेही थांबले होते. पंतोजींनी हौसाला पुढे बोलावलं, काहीतरी बोलले आणि तिच्या हातात नारळ ठेवला. बोलताना त्यांचं तोंड पाटलांकडे होतं. हौसाला एक शब्द कळला नाही. गावासमोर नारळ मिळतोय म्हणजे बक्षीसच, असं तिला वाटलं. नारळ छातीशी धरून ती आईकडे वळली आणि तोंडभर हसली. "आई, मला दिला!"

लोक खो खो हसले.

सगुणा उठली ती सरळ पाटलांसमोर जाऊन उभी राहिली. "पाटील, पोरीला घरी न्यायच्या आधी माझं एक मागणं आहे. तुमचा रंगनाथ शाळेत पहिला ना? त्याला पायरीवर बसवा. आळीत हातोडे चालू होऊ द्या. आणि पंतोजींनी आतून प्रश्न विचारावेत, रोज विचारतात तसेच."

पाटलांना लेकाची खात्री होती. "होऊन जाऊ दे!" ते म्हणाले.

ठकठक सुरू झाली. पंतोजींनी आतून प्रश्न विचारला. रंगनाथ गोंधळला, त्यानं अंदाजानं उत्तर ठोकून दिलं. चुकलं. दुसरंही चुकलं. मग पोराचे डोळे भरून आले. "बाबा, मला ऐकूच येत नाहीये हो!"

आता कुणी हसलं नाही.

सगुणेनं आधी त्याचे डोळे पुसले. "रडू नकोस, बाळा. तुझी काही चूक नाही." मग ती गावाकडे वळली. "आणि माझ्या पोरीची होती? दात काढत होता ना मघाशी? आता काढा!"

"रीत जुनी आहे..." पंतोजी पुटपुटले.

तेवढ्यात गर्दीतून गणू तांबट पुढे आला. त्याच्या मिशा पिकल्या होत्या. "जुनी आहे खरी. माझ्या वेळी पायरीवर मी होतो, पंतोजी. मला लांबचं दिसत नव्हतं. तुमच्या फळ्यावर काय आहे ते पायरीवरून कधी दिसलंच नाही. तेव्हापासून सगळा गाव मला ढ म्हणतोय."

पाटलांनी मान खाली घातली, आणि ती रीत त्याच दिवशी मोडली. हौसा पंतोजींच्या पुढ्यात बसू लागली. पंतोजी तिच्याकडे तोंड करून बोलू लागले, गरज पडली तर दुसऱ्यांदा सांगू लागले.

तुम्हाला वाटत असेल की हौसा पुढे मोठी पंडिता झाली, तिनं राजाचे प्राण वाचवले. तसलं काही झालं नाही. ती चुकतमाकत शिकली, लिहायला लागली, वाचायला लागली. शाळेत बसायला जागा मिळावी म्हणून लेकरानं राज्य वाचवायला हवं का?

पंतोजी मग गणूच्या दारी गेले. "चुकलो, गणू. आता ये शाळेत. मी स्वतः शिकवीन."

गणूनं हातोडा खाली ठेवला नाही. "पुढ्यात बसायचं वय घेऊन आलात का, पंतोजी? तेवढं द्या, लगेच येतो."

पंतोजींकडे द्यायला काही नव्हतं. ते आले तसे परत गेले.

तात्पर्य: मूल मागे पडलं, तर त्याची अक्कल काढण्याआधी आपण त्याला कुठे बसवलं आहे ते बघावं.