येसाईपुढचं कारलं

“माझी सून आता काही सोडणार नाही. सोडवायचं असेल तर आधी मला या पायरीवरून उठवा,” असं म्हणत धुरपा जिथे बसून भांडली, तीच ही टाक्याच्या तोंडाशी असलेली पायरी. मधोमध झिजलीय. बसा, ती बसायलाच आहे. फक्त समोर येसाई देवीच्या पायाशी कारलं दिसतंय ना, त्याला हात लावू नका. फुलं नाहीत, पेढे नाहीत, कारलंच का, ते सांगते.

फार मागची गोष्ट. त्या वर्षी या टाक्याचं पाणी तळाला गेलं, आणि गावाला दुसरं पाणी नव्हतं. देवीची पूजा तेव्हा भैरू गुरवाकडे होती. त्याने सांगितलं, येसाई रुसलीय. घरटी एकाने आपला आवडता पदार्थ तिच्यापुढे सोडावा, पाणी येईपर्यंत तोंडाला लावू नये. धुरपाच्या घरातून तिची सून मथुरा गेली. पदरात अंगावरचं लेकरू, आणि बोलायची खरं तेच. तिने गूळ सोडला. पाणी आलं नाही. मग ताक सोडलं. तरी नाही. कुणाच्या तरी सोडण्यात खोट आहे, असं गुरव म्हणाला आणि त्याची नजर मथुराकडे वळली. चिंचेचा ठेचा ती अजून मिटक्या मारत खायची ना! ती तोही सोडायला निघाली. तोवर तिचं दूध आटलं होतं, आणि तीन महिन्यांत तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं, असं सांगतात.

धुरपा तिच्या मागोमाग आली. फडक्यात भाकरी-ठेचा, आणि वाटेत कुणाच्या तरी कुंपणावरून तोडलेलं कारलं. पायरीवर बसून तिने एकेकाला विचारलं, तू काय सोडलंस? पाटील म्हणाला, दुधी. दुसरा म्हणाला, गवार. गुरव हळूच म्हणाला, कारलं.

त्याची बायको तिथेच उभी होती. “मी या घरात आल्यापासून कारलं शिजलेलं नाही,” ती म्हणाली. “ताटात दिसलं तर हे ताट भिरकावतात.”

लोक हसले. मला त्या हसणाऱ्यांचाही राग येतो. त्यांनी तरी काय सोडलं होतं?

गुरव चिडला. पाणी आलं नाही तर पाप तुझ्या सुनेच्या माथी, म्हणाला. धुरपाने कारलं देवीच्या पायाशी ठेवलं आणि ठेच्याचा घास सुनेच्या तोंडात दिला. आंबट-तिखटाने मथुराचे डोळे भरून आले आणि ती हसली, देवीसमोर, मोठ्याने. दुसरा घास तिने आपल्या हाताने घेतला.

चौथ्या दिवशी पाणी आलं म्हणे. पोटभर जेवलेल्या मथुराने बायका जमवून टाक्यातला गाळ उपसला म्हणून आलं, असंही सांगतात. मला दोन्ही पटतं.

आजही इथे येणारा प्रत्येकजण एक कारलं देवीला वाहतो आणि पायरीवर बसून मनापासून आवडतं तेच खातो, मग तो शिळ्या भाकरीचा कुस्करा का असेना. लोकांना दाखवायला श्रीखंड आणणारे मी लांबून ओळखते; घास त्यांच्या तोंडात नुसता फिरत राहतो. आणि कारलं वाहताना म्हणायचं ते धुरपाने तेव्हा गुरवाला ऐकवलं तेच: “भैरू, तुझं कारलं आणि माझ्या सुनेचं हसू, दोन्ही तिच्यापुढं ठेवलीत, आता काय घ्यायचं ते तिला घेऊ दे.”