घर झालं हो!

मुलांनो, आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्या माणसांनो, एक सांगा बरं मला: एखादं काम 'झालं' असं तुम्ही केव्हा म्हणता?

घाई नाही. गोष्ट ऐका आणि मग सांगा.

खूप वर्षांपूर्वी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावात एक रीत होती. कुणी नवं घर बांधलं, की मालकानं छपरावर चढायचं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायचं, "घर झालं हो!" ती हाक ऐकली, की प्रत्येक घरातून कुणीतरी आपल्या चुलीतला एक निखारा खापरीत घेऊन यायचं. सगळ्या गावाच्या निखाऱ्यांनी नव्या घराची चूल पेटायची. ती हाक येईपर्यंत मात्र बांधकामाशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे. आत दिवा नाही आणि विस्तव नाही. मालकच जिला 'झालं' म्हणत नाही, ती वास्तू अजून कुणाचीच नाही, असं ते लोक मानत.

त्या गावात एक गवंडी राहत होता. हाताचा मोठा नेटका. अर्धं गाव त्यानंच बांधलेलं. म्हातारपणाच्या वाटेला लागला तेव्हा त्यानं स्वतःचं घर बांधायला काढलं. जुन्या झोपडीचे वासे चांगले मुरलेले होते, म्हणून ते त्यानं नव्या घराला लावले. झोपडी गेली. नवरा-बायको शेजारी छपरी घालून राहू लागले. छपरीला तीन बाजू उघड्या. चौथ्या बाजूला त्यांचं गाढव.

"चार महिन्यांची तर गोष्ट," गवंडी म्हणाला होता.

चार महिने गेले. वर्ष गेलं. दुसरंही सरलं. घर उभं होतं, छप्पर होतं, दार होतं. हाक मात्र काही येत नव्हती.

कारण गवंड्याला रोज काहीतरी दिसायचं. कधी कोनाडा बोटभर खाली वाटायचा, तो बुजवून पुन्हा कोरायचा. कधी जमिनीला उतार वाटायचा, ती उकरून पुन्हा चोपायची. पूर्वेची भिंत तर त्यानं दोनदा पाडून बांधली. तरी ती मधोमध जवाएवढी फुगलेली होतीच.

तुम्हाला सांगायचं राहिलं, त्या काळी गाढवं बोलत असत. पण त्यांचं ऐकायची पद्धत तेव्हाही नव्हती.

"मालक," गाढव एकदा म्हणालं, "हीच माती मी तिसऱ्यांदा वाहतोय. पहिल्यांदा वाहिली तेव्हाही ती मातीच होती."

"तुला काय कळतंय!" गवंडी म्हणाला.

"तेच म्हणतोय मी," गाढव म्हणालं, आणि कान पाडून चालू लागलं.

गवंड्याची बायको बोलायला गाढवापेक्षा तिखट होती. थंडीचे दिवस होते. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अहो, मैनेचा निरोप आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचंय. पुढच्या महिन्यात येतेय ती. तिला काय गाढवाशेजारी निजवायचं?"

मैना ही त्यांची एकुलती एक लेक.

"तोवर होईल," गवंडी म्हणाला. "पूर्वेची भिंत तेवढी पुन्हा घेतो."

"पुन्हा? नातवंड काय भिंत सरळ होईपर्यंत पोटात थांबणार आहे?"

गवंडी चुलीपुढं बसला. मग हळूच म्हणाला, "हे बघ, जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली. आज या आळीत, उद्या त्या आळीत. कधीकधी वाटतं, आपण जगलो ते कशासाठी? एक तरी काम असं व्हावं, की त्यात बोट ठेवायला जागा नसावी. मग कळेल, की जगण्याला काही अर्थ होता."

बायकोचा हात भाकरीवर थांबला. दोन वर्षं ती त्याला हट्टी समजत होती. तो दुःखी आहे, हे तिला आज कळलं. पण भाकरी करपायला लागली, म्हणून ती एवढंच म्हणाली, "आधी गरम आहे तोवर खा."

दुसऱ्या दिवशी सूर्य कलायला लागला तेव्हा गवंड्यानं कुदळ उचलली. भिंतीवर पहिला घाव घालणार, तोच गाडीची घुंगरं वाजली.

गाडीत मैना होती. सोबत तिचा दीर. त्याची गाडी इकडं येणार होती, म्हणून ती ठरल्याआधीच निघाली होती. रस्ता खडकाळ होता, गाडी हिसके देत आली होती, आणि महिन्याभरानं यायच्या कळा वाटेतच सुरू झाल्या होत्या.

गवंडीण धावली. आळीतल्या बायका धावल्या. ठकूमावशी सुईण आपली पिशवी सावरत आली. तिनं मैनेच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "हिला आता कुणाच्या घरी न्यायला वेळ नाही. इथंच करावं लागेल."

इथं म्हणजे कुठं? छपरीतून वारा सपासप जात होता. सगळ्यांनी नव्या घराकडं पाहिलं. दार उघडंच होतं. पण उंबऱ्याशी सगळ्यांचे पाय थांबले.

ठकूमावशी गवंड्याकडं वळली. "बाबा रे, अंधार पडतोय. दिव्याशिवाय आणि गरम पाण्याशिवाय मी काय करू? दे की हाक!"

"मावशी, पण भिंत फुगलीय," गवंडी म्हणाला. "घर झालेलं नाही. झालं म्हणालो तर खोटं होईल. माझ्या तोंडून आजवर अशी हाक..."

"दोन वर्षांत लोकांची लग्नं होऊन पोरं चालायला लागली," गवंडीण कडाडली, "आणि ह्यांची भिंत अजून फुगलेलीच!"

तेवढ्यात मैनेनं बापाचा हात धरला. तिच्या कपाळावर घाम होता, पण आवाज लहानपणीचाच.

"आबा, मला सरळ भिंत नको हो. मला नुसता आडोसा पाहिजे."

गवंड्यानं लेकीकडं पाहिलं. मग हातातल्या कुदळीकडं पाहिलं. थोड्या वेळापूर्वी तो काय पाडायला निघाला होता, हे त्याच्या ध्यानात आलं. या घडीला लेकीला वाऱ्यापासून वाचवणारी तेवढीच एक भिंत होती.

त्यानं कुदळ टाकली आणि तो छपरावर चढला. चढताना एक कौल फुटलं. त्यानं खाली वळूनसुद्धा पाहिलं नाही. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून तो ओरडला,

"घर झालं हो! घर झालं!"

दोन वर्षांत लोकांनी आशाच सोडली होती. मग एकेक दार उघडलं. वाटावाटांनी लाल निखारे चालत येऊ लागले. कुणी तांब्या-पितळेची भांडी आणली, कुणी जुनी मऊ लुगडी, कुणी तुपाची वाटी. बायका मैनेला धरून आत शिरल्या. सकाळीच सारवलेल्या ओल्या जमिनीवर त्यांची पावलं उठली. एकीनं पडदा बांधायला घोटीव भिंतीत खुंटी ठोकली, तीही वाकडी. बाहेर गवंड्याला प्रत्येक ठोका ऐकू येत होता.

"दुखतंय का?" गाढवानं विचारलं.

"थोडं," गवंडी म्हणाला, आणि हसला. पहिल्यांदाच त्यानं गाढवाला नीट उत्तर दिलं होतं.

दिवे लागले आणि काही वेळानं आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, जिवंत रडणं. ठकूमावशी दारात आली. "मुलगी! आई आणि लेक दोघी खुशाल. ये आत, आजोबा."

गवंडी आत गेला. भिंत तशीच फुगलेली होती. दिव्याच्या उजेडात तर जास्तच दिसत होती. धुरानं एक कोपरा काळा झाला होता. चुलीपाशी सगळ्या आळीच्या बायका दाटीवाटीनं बसून हसत होत्या.

त्यानं नातीला हातात घेतलं. जन्माची सवय, नजर आपोआप मोजायला लागली. तो म्हणाला, "हिचा डावा कान जरा दुमडलाय."

"मग?" गवंडीण म्हणाली. "पाडून पुन्हा बांधता का?"

सगळं घर हसलं. गवंडी तर इतका हसला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि नातीच्या दुपट्यावर पडलं. त्या रात्री त्याला कळलं, की आपण जन्मभर भिंती बांधत नव्हतो. आपण आडोसे बांधत होतो, आणि गावभर त्या आडोशांमागे माणसं सुखानं नांदत होती.

म्हणून सांगते, उणं राहिलं तरी 'झालं' म्हणावं आणि दार उघडावं. अर्थ बिनचूकपणातून येत नाही, तो आत येणाऱ्या माणसांबरोबर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई येऊन पोचला, तेव्हा चुलीवर पेज शिजत होती, शेजारणीची कोंबडी कोनाड्यात जाऊन बसली होती, आणि गवंडी पावलांनी खडबडीत झालेल्या जमिनीवर घोंगडी पसरून गाढ झोपला होता.