हरिणी प्रतोद झाली

साग आणि ऐनाच्या एका जंगलात हरणांचा एक मोठा कळप राहत असे. मुलांनो, त्या जंगलात चराईचे आणि पाण्याचे निर्णय प्राण्यांची सभा घेई. ज्या बाजूला जास्त प्राणी उभे राहत, त्या बाजूचे म्हणणे खरे ठरे. म्हणून प्रत्येक कळप आपला नेता निवडी आणि नेता आपला प्रतोद नेमी. हाक घालून सगळ्या कळपाला एकाच बाजूला उभे करायचे, हे प्रतोदाचे काम. हरणांनी सर्वांत डौलदार शिंगांच्या नराला नेता केले. त्याने कळपावरून नजर फिरवली आणि एका हरिणीला पुढे बोलावले. "तुझा आवाज लांबवर जातो, आणि तू कुणाला उलट बोलत नाहीस. आजपासून तू प्रतोद!" हरिणीला कोण आनंद झाला!

पण ती जवळ आली की आता बोलणी थांबू लागली. कुणी गवतात तोंड खुपसे, कुणी कान पाडून दूर सरके. तिची लहानपणची मैत्रीणही आपल्या पाडसाला घेऊन वेगळी चरू लागली. "माझं काय चुकलं गं?" हरिणीने विचारले. मैत्रीण म्हणाली, "पूर्वी तू आम्हाला विचारायला यायचीस. आता नुसती सांगायला येतेस."

पुढे रानडुकरांनी नदीकाठचे उंच गवत मागितले. त्याच गवतात हरणांची पाडसे लपत. पण नेत्याचे डुकरांशी आतून ठरले होते : गवत त्यांना, आणि सभेचे प्रमुखपद याला. "सगळ्यांना डुकरांच्या बाजूला उभं कर," त्याने हुकूम सोडला. हरिणी चाचरत म्हणाली, "पण आया नको म्हणताहेत..." नेता गुरगुरला, "त्यांचं गाऱ्हाणं आणायला नाही, माझा हुकूम न्यायला तुला नेमलंय!" सभेत हरिणीने हाक घातली. हाक मोडणाऱ्याला कळपाबाहेर काढीत, म्हणून कळप खाली मान घालून डुकरांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मैत्रीण सर्वांत शेवटी आली.

डुकरांनी मुळासकट सगळे गवत उकरून टाकले. पाडसांना लपायला जागा उरली नाही आणि मैत्रिणीचे पाडस लांडग्याने नेले. संतापलेला कळप नेत्याकडे धावला, तेव्हा तो उंचावरून शांतपणे म्हणाला, "मी कुठं हाक घातली? हाक तर हिनं घातली." ते खरेच होते. मैत्रिणीने तिच्याकडे एकदा पाहिले आणि तोंड फिरवले.

पण हुकूम कुणाचा होता, हे कळपाला ठाऊक होते. त्याने त्या नेत्याला हाकलले आणि नवा नेता निवडला. या वेळी प्रतोदही कळपानेच ठरवला, एक तरणाबांड नर. सगळे पांगल्यावर हरिणी त्याच्यापाशी गेली. "एक सांगू? हुकूम घेऊन खाली जाशील, तेव्हा कळपाचं उत्तर घेऊन वर जा. नेत्यानं ऐकलं नाही, तर हाक घालू नकोस." त्याने मान डोलावली. मग ती एकटीच टेकडीच्या उतारावर चरायला निघून गेली. तिला कुणी थांबवले नाही.

तात्पर्य : जो वरच्याचा हुकूम खाली नेतो, पण खालच्यांचे दुःख वर नेत नाही, त्याला ना वरचा आपला म्हणतो, ना खालचे.