रानातला शेवटचा वेल

डोंगरावर अजून पायवाटही पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. तिथल्या रानात शेळ्यांचा कळप चरायचा आणि बांडी नावाची शेळी सगळ्यांच्या पुढे चालायची. व्यालेल्या शेळ्या शतावरी खायच्या, म्हणजे त्यांना भरपूर दूध यायचं. पण कळपानं ती मुळासकट ओरबाडली आणि एका वर्षी रानात शतावरीचा एकच वेल उरला.

बांडी त्या वेलापुढे आडवी उभी राहिली. "याचं बी पडेपर्यंत कुणी तोंड लावायचं नाही," ती म्हणाली.

ती नुकतीच व्याली होती आणि तिची कास कोरडी होती. कोशी नावाची तरणी शेळी म्हणाली, "अगं, तुझंच करडू उपाशी आहे. निदान तू तरी खा."

"मी खाल्लं, तर तुम्हाला कुठल्या तोंडानं अडवू?"

कोशीनं आपल्या करडाच्या वाट्याचं अर्धं दूध बांडीच्या करडाला पाजलं. बाकीचा कळप वाळलं गवत खायला वर निघून गेला.

वेलाला लाल फळं धरली आणि पाखरांनी ती रानभर नेली. पुढच्या पावसाळ्यात जागोजागी कोंब फुटले. आता वेलांपुढे कुणी उभं नसायचं, तरी शेळ्या नुसते शेंडे खुडून पुढे जायच्या.