हुंबराची ओळख

शुद्धलेखनात मी कच्चा आहे. शाळा लवकर सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. शब्दही साधेच आहेत, भारी शब्द मला येत नाहीत.

एका राज्यात शूरध्वज नावाचा राजा होता. त्याच्या ध्वजावर हुंबर होता. हुंबर म्हणजे रानातलं थोर जनावर, बैलाहून उंच, राखेच्या रंगाचं, पाठीकडे वळलेल्या एकाच शिंगाचं. एके काळी त्या राज्याच्या डोंगरांत हुंबरांचे कळप होते. पण राजाच्या आजोबांना शिकारीचा नाद होता. त्यांनी कळपामागून कळप मारले. तेव्हा रानातली काळंभी चेटकीण दरबारात आली आणि म्हणाली, "राजा, शेवटचा हुंबर पडेल त्या दिवसापासून तुझ्या राज्यात माणूस माणसाला ओळखणार नाही. जो जीव हुंबराच्या अंगावर वाढला, तो हुंबरापुढे येऊन 'हाच तो' म्हणेल, तेव्हाच हा शाप उतरेल." एवढं बोलून ती धूर झाली आणि खिडकीतून निघून गेली.

आजोबा गेले, वडील गेले, शूरध्वज गादीवर बसला, आणि एका दुपारी राजबागेत राखलेला शेवटचा हुंबर गुडघे टेकून खाली बसला तो उठला नाही. त्याच दुपारी राणीनं राजाकडे पाहून दासीला विचारलं, "हे गृहस्थ कोण? यांना बाहेरच्या दालनात बसवा."

राजानं ताबडतोब हैबतीला बोलावलं.

हैबती पेंढा भरणारा होता. मेलेल्या जनावराचं कातडं काढून, कमावून, त्यात पेंढा भरून ते जिवंतासारखं उभं करायचं, हे त्याच्या घराण्याचं काम. त्या घराण्याची एक रीत होती. पोटाखालचा शेवटचा टाका ते मोकळा ठेवत. जनावराला जिवंतपणी ओळखणारं कुणीतरी यायचं, समोर उभं राहून "हाच तो" म्हणायचं, आणि मगच तो टाका पडायचा. शिकारी कुत्रा असो की लाडका घोडा, ओळख पटल्याशिवाय काम पुरं झालं असं कुणी म्हणत नसे.

"हुंबर उभा कर," राजा म्हणाला. "चेटकिणीला ओळख हवी आहे. तुमच्या घराण्यालाही ओळखच लागते."

"ओळखणारं कोण, महाराज?"

राजानं कमानीकडे बोट केलं. तिथे एक तपकिरी, चिमणीहून थोडी मोठी पक्षीण बसली होती. तिला पाठराखी म्हणत. पाठराख्या हुंबराच्या पाठीवर बसत, त्याच्या गोचिड्या खात, तिथेच लहानाच्या मोठ्या होत. हीसुद्धा तिच्या जातीतली शेवटचीच. तिला माणसाची भाषा येत होती, पण ती फारशी वापरत नसे.

घोडे, हरणं, एकदा तर वाघ, असं सगळं हैबतीनं भरलं होतं. पण ते बिघडलं असतं तर दुसरं मिळालं असतं. या कातड्याला जोड नव्हती. सुरी लावताना त्यानं हातानं कपाळ पुसलं, तरी घाम थांबेना.

त्यानं दोरीला गाठी मारत मापं घेतली. बोलक्या तळ्याकडे जाऊन मीठ मागितलं. तळं म्हणालं, "ने." ते मीठ, तुरटी आणि कडुनिंबाचा पाला घालून त्यानं कातडं कमावलं. बांबूचा सांगाडा बांधला, त्यावर सुतळीनं पेंढा आवळला, वर माती लिंपली.

"उभा कसा करू?" त्यानं राजाला विचारलं. "मी याला मेलेलाच पाहिला."

"ध्वजावर आहे तसा."

ध्वजावरचा हुंबर पुढचा पाय उचलून, मान ताठ करून, तोंड वासून उभा होता. हैबतीनं तसाच केला. डोळ्यांच्या जागी राजानं खजिन्यातले दोन पुष्कराज दिले. दरबार जमला. पाठराखी कमानीवरून उतरली, हुंबराभोवती एक फेरी मारली आणि परत वर जाऊन बसली.

"हा तो नाही," ती म्हणाली.

"मग हा कोण?" राजानं विचारलं.

"हा तुमच्या ध्वजावरचा. हा सारखा कुणावर तरी धावून जातोय. आमचा असा कुणावर धावून गेला असता, तर त्याच्या जातीचे चार तरी उरले असते. तो मान खाली घालून जमीन हुंगत उभा राहायचा. मागच्या डाव्या पायावर भार द्यायचा. आणि ते डोळेही त्याचे नव्हेत, ते दिवे आहेत."

हैबती हळूच म्हणाला, "महाराज, मान खाली घालावी लागेल."

"माझ्या ध्वजावरच्या हुंबराची?"

"ध्वज रंगवणाऱ्यानं हुंबर पाहिला नसेल, महाराज. मीही पाहिला नव्हता."

तेवढ्यात राणी समोरून गेली. पाहुण्याला करावा तसा तिनं राजाला नमस्कार केला. राजानं तो घेतला. मग म्हणाला, "घाल खाली."

हैबती कपडे बदलायला घरी आला. शाप तोवर राजवाड्याची भिंत ओलांडून पेठेत उतरला होता. वाटेत दोन सख्खे भाऊ एकमेकांना "आपण कुठले?" असं विचारत होते. हैबतीनं पाय उचलला. घरी सगुणा, त्याची बायको, ओसरीवर तांदूळ निवडत होती. त्याला पाहून ती उठली. गूळ-पाणी आणून ठेवलं. पदर सारखा केला.

"बसा. लांबून आलात वाटतं? नाव काय म्हणायचं तुमचं?"

"हैबती," तो म्हणाला.

"हैबती," ती सहज म्हणाली. "चांगलं नाव आहे."

लग्न झाल्यापासून तिनं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. बारशाला, हळदीकुंकवाला बायकांनी अडवून धरलं तरी घेतलं नव्हतं. आता ते तिच्या तोंडून तांदळातल्या खड्यासारखं बाहेर पडलं, आणि हैबतीनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"तुमचे यजमान?" त्यानं विचारलं.

"येतीलच. कामाला गेलेत. कातड्याचं काम फार किचकट असतं हो."

तिला नवरा आठवत होता, फक्त तो समोर बसलाय हे कळत नव्हतं. अजून वेळ आहे, असं मनाशी म्हणत तो तडक उठला.

पलीकडच्या डोंगरात एक मांत्रिक राहत होता. मरणाऱ्या जनावराची शेवटची नजर उडत त्याच्याकडे येई, आणि तो ती मडक्यात झाकून ठेवी. गुहेत मडक्यांच्या उतरंडी होत्या. काही मडकी आतून हलत होती.

"हुंबराची नजर हवी," हैबती म्हणाला.

"बदल्यात तुझ्या नजरेतला एक रंग दे."

"कुठला?"

"पिवळा. माझ्याकडे कमी आहे."

"घ्या."

मांत्रिकानं त्याच्या पापण्यांवर फुंकर घातली. पिवळा गेला. हैबतीनं मडकं छातीशी धरलं आणि परतीची वाट धरली. सोनकीची पिवळी फुलं त्याला राखाडी दिसत होती. त्याला त्याचं काही वाटलं नाही, एवढी त्याला घाई होती.

घरावरून जाताना त्यानं दार वाजवलं. फट उघडली.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण? घरात पुरुष माणूस नाही. हे आले की या." आतून कडी लागली.

तो दारासमोर उभा राहिला. कुठल्या शब्दानं ही कडी निघेल, ते त्याला सुचेना. मग तो राजवाड्याकडे पळत सुटला.

त्यानं जुना सांगाडा सोडवला, मान खाली वाकवली, भार मागच्या डाव्या पायावर दिला. मडक्यातली नजर काचेच्या गोळ्यांत ओतून डोळे बसवले. ते ओले, गढूळ आणि शांत दिसू लागले. पाठराखी खाली आली. हुंबराच्या नाकासमोर भुईवर बसून तिनं त्याच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. मग ती उडून त्याच्या पाठीवर गेली, टेकली, सरकली, पुन्हा टेकली, आणि भुर्रकन उठली.

"नाही."

"आता काय राहिलं?" हैबती म्हणाला. "मान खाली आहे. डोळे त्याचेच आहेत."

"डोळे त्याचे आहेत. उभाही तसाच आहे. पण बसायला गेले की पाय लागत नाहीत. मला यापुढे सांगता येत नाही."

हैबती पाठीजवळ गेला आणि त्यानं खांद्यामागच्या केसांवरून हात फिरवला. कातडं काढलं तेव्हा हुंबराच्या खांद्यामागे तळहाताएवढी जागा उघडी होती. केस नव्हते, कातडी घट्ट्यासारखी जाड आणि गुळगुळीत झाली होती. त्याला ते खरूज वाटलं होतं. वडिलांनी शिकवलं होतं की जनावराचं वैगुण्य झाकायचं, टक्कल दिसलं तर पेंढा भरणाऱ्याची लाज जाते. म्हणून त्यानं पोटाकडचे केस कातरून डिंकानं तिथे असे बेमालूम चिकटवले होते, की त्याला स्वतःला त्या कामाचा अभिमान वाटला होता. कितीतरी पाठराख्या पिढ्यान् पिढ्या जिथे बसल्या, ती जागा त्यानं बुजवून टाकली होती.

आता डिंक वाळून दगड झाला होता. ओढला तर कातडी फाटेल. गरम पाणी जास्त झालं तर आतला पेंढा कुजेल. त्यानं फडकं कोमट पाण्यात बुडवून पिळलं, त्या जागेवर ठेवलं आणि थांबला. मग नखानं एक केस उचलला. मग दुसरा.

इतक्यात राजा आला. शाप आता त्यालाही पुरता लागला होता.

"हा माणूस कोण? माझ्या हुंबराला का भादरतो आहे? शिपाई, याला बाहेर काढा."

शिपाई जागचा हलला नाही. त्यानं राजाला खालून वर न्याहाळलं. "आणि आपण कोण?"

"मी राजा."

"सकाळपासून राजा म्हणवणारे पुष्कळ आले. मघाशी आचारीही तेच म्हणत होता. बाजूला उभे राहा."

राजा बाजूला उभा राहिला. हैबतीनं वर पाहिलं नाही. एका ठिकाणी केसाबरोबर कातडीचा पापुद्रा उचलला गेला. त्यानं पापुद्रा अंगठ्यानं दाबून धरला, फडकं पुन्हा पिळलं. मनात तो एकच गोष्ट घोकत होता: सगुणा, तांदूळ, ओसरी, निळं दार. ती त्याला विसरली होतीच. आता तोही तिला विसरला असता, तर कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं. दाराचा रंग निळा की हिरवा, याची त्याला मध्येच शंका आली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. पण हात चालूच राहिला.

शेवटचा केस निघाला. खांद्यामागची जागा उघडी झाली, जुन्या पायरीसारखी झिजलेली.

पाठराखी कमानीवरून आली. या वेळी तिनं फेरी मारली नाही. सरळ त्या जागेवर उतरली, पाय रोवले, पंख मिटले, मान पिसांत ओढून घेतली.

"हाच तो," ती म्हणाली.

हैबतीनं पोटाखाली जाऊन शेवटचा टाका घातला आणि दोरा दातानं तोडला. शिपायानं राजाकडे पाहिलं, त्याचा चेहरा उतरला आणि तो मुजऱ्याला वाकला. वरच्या सज्जातून राणीनं विचारलं, "महाराज, असे दाराशी का उभे?" राजा जिना चढून गेला. पेठेतले ते दोन भाऊ एकमेकांशी पुन्हा भांडू लागले, म्हणजे सगळं ठीक झालं. राजानं त्याच दिवशी ध्वज बदलायचा हुकूम दिला. नव्या ध्वजावरचा हुंबर जमीन हुंगत होता.

हैबती घरी पोचला तेव्हा दार उघडंच होतं. तो उंबऱ्याशी थबकला.

"उभे काय राहिलात?" आतून सगुणा म्हणाली. "आधी न्हाणीत जा. तुरटीचा वास येतोय अंगाला. इतके दिवस घर आठवलं नाही, आणि आता ताट वाढ म्हणता."

त्यानं ताट मागितलं नव्हतं. पण तो न्हाणीत गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला.

जेवताना मात्र त्यानं घास ताटात परत ठेवला. शेवटचा टाका घालून उठताना त्यानं एक पाहिलं होतं. पाठराखी आपल्या जागेवरून वाकून पाठीत चोच मारत होती. तिथे मीठ होतं, तुरटी होती, कडुनिंब होता. खाण्यासारखं काही नव्हतं. ती पुन्हा पुन्हा चोच मारत होती, आणि उडून जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतीनं गोठ्यातली म्हैस सोडली आणि राजवाड्याकडे निघाला.

"म्हैस दरबारात?" शिपाई म्हणाला.

"थोड्या वेळासाठी."

"शेण टाकलं तर?"

"मी उचलीन."

शिपायानं इकडे तिकडे पाहून दार उघडलं. हैबतीनं म्हैस हुंबराला खेटून उभी केली आणि स्वतः बाजूला झाला. पाठराखीनं एक डोळा उघडला.

"ही कोण?"

"म्हैस."

"फार हलते."

"जिवंत आहे ना."

म्हशीनं कान फडफडवला. तिच्या मानेवर एक टपोरी गोचीड होती. पाठराखीनं ती पाहिली. मग तिनं हुंबराच्या पाठीवरची आपली जागा पाहिली आणि बराच वेळ बसून राहिली. हैबतीनं घाई केली नाही. शेवटी तिनं एक उडी मारली आणि म्हशीच्या खांद्यावर उतरली.

हैबतीनं दावं सैल धरलं आणि पाठराखीला धक्का बसू नये म्हणून म्हशीला हळूहळू चालवत कुरणाकडे नेलं.