ठकूची आळी

फार फार वर्षांपूर्वी, शहराला वेस होती आणि वेशीला दरवाजा होता, तेव्हाची ही गोष्ट. आज ज्या रस्त्यावर पुढाऱ्याच्या नावाची पाटी आहे, त्याला तेव्हा कासार आळी म्हणत. तिथं ठकू कासारीण राहायची. साऱ्या गावाचे हात बांगड्यांनी भरायची, पण नवरा गेल्यापासून तिचे स्वतःचे हात मोकळे. एकदा तिनं दारात रांगोळी काढायला घेतली, तर समोरच्या भागाकाकूंनी तिच्या हातातली रांगोळीची वाटीच काढून घेतली. "अगं, विधवेच्या हातची रांगोळी आळीला सोसायची नाही!" ठकूच्या ते फार जिव्हारी लागलं.

एके साली पटकीची साथ आली. घरंदारं टाकून आळी रानात पळाली. पायानं अधू ठकू तेवढी मागं राहिली. जाताना भागाकाकूच रडत म्हणाल्या, "ठकू, घरं राख गं बाई!"

लोक आता कासार आळीला ओसाड आळी म्हणू लागले. शहरातल्या सरदाराला हत्तीखान्यासाठी जागा हवीच होती. त्यानं दवंडी पिटवली, ओस घरं पाडणार!

ठकूकडं ना जोर, ना वशिला. तिनं पदर खोचला, लंगडत दारोदार सडा घातला आणि प्रत्येक बंद दारापुढं रांगोळी काढली. रांगोळी असलेलं घर ओस कोण म्हणेल? रोज काढायची, पण वाटी काही रिती होईना, असं म्हणतात.

घरं पाडायला हत्ती आला आणि पहिल्याच रांगोळीपाशी थबकला. माहुतानं अंकुश टोचला, तरी उचललेला पाय खाली ठेवीना. शेवटी सोंडेनं नमस्कार करून माघारी फिरला, असं म्हणतात. "इथं माणसं नांदतायत," म्हणत सरदारानंही नाद सोडला.

साथ सरली, माणसं परतली. आपल्या दारातली रांगोळी बघून भागाकाकू ती न मोडता कडेकडेनं आत गेल्या. मग घरातून वाटी आणून त्यांनी ठकूच्या हातावर ठेवली. "चुकलं गं माझं. आता तुझ्या दारात काढ."

पुढं त्या रस्त्याला साहेबाचं नाव आलं, गेलं. पुढाऱ्याचं आलंय, तेही जाईल. रिक्षावाल्याला मात्र आजही 'ठकूची आळी' सांगितलं की पुरतं. कुणी गावाला गेलं, तर शेजारीण त्या बंद दारापुढं दोन रेघा ओढते. आणि वसुबारसेला दिवाळीची पहिली रांगोळी काढायचा मान तिथं विधवेचा. तिची रेघ उमटली, की मगच बाकीच्या घरांतून वाट्या बाहेर येतात.